धीर कुठे धरावा, घाई कुठे करावी

(विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त महिला मंडळाने घेतलेल्या आरोग्य सभेत एका निवृत्त परिचारिका भगिनीने केलेले भाषण. वस्तीतील घराघरात ते उपयोगी पडेल म्हणून शब्दांकन करून येथे देत आहोत. – संपादक मंडळ)





आजचा विषय बाळंतपणाचा आहे म्हटल्यावर मागच्या रांगेत थोडी चुळबुळ झाली. बांधवांनो, कृपा करून उठून जाऊ नका. रात्री दोन वाजता कळा सुरू झाल्या तर रिक्षा आणायला तुम्हीच धावणार आहात. रक्त लागलं तर तुमचंच लागणार आहे. तेव्हा हा विषय जितका बायकांचा तितकाच तुमचा.

कुणी म्हणेल, विहारात हा विषय कशाला? मी म्हणते, विहारात नाही तर कुठे? आपण दर वैशाख पौर्णिमेला सिद्धार्थाचा जन्म साजरा करतो. लुंबिनीच्या शालवनात महामाया उभी आहे, एका हाताने तिने शालवृक्षाची फांदी धरली आहे, हे शिल्प आपण सर्वांनी चित्रात तरी पाहिलेले आहे. पण पुढची गोष्ट आपण चटकन सांगून मोकळे होतो. बाळ जन्मल्यानंतर सातव्या दिवशी महामाया गेली. राजघराण्यातली बाई, नोकरचाकर, कशाची कमतरता नव्हती, तरी सात दिवसांत गेली. मग महाप्रजापती गौतमीने त्या बाळाला आपल्या अंगावर वाढवले. म्हणजे ज्या धम्माचे आपण उपासक, त्याच्या मुळाशीच एक बाळंतीण दगावलेली आहे. हे विसरून चालणार नाही.

आपल्या थोरांनीही हा विषय बाजूला ठेवलेला नाही. सावित्रीबाई आणि जोतिरावांनी १८६३ साली पुण्यात आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले आणि फसवल्या गेलेल्या विधवांची बाळंतपणे तिथे सुखरूप केली. बाबासाहेबांनी २८ जुलै १९२८ रोजी मुंबई कायदेमंडळात गिरणी कामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभाच्या विधेयकाला पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, असे त्यांचे म्हणणे होते. १९२९ साली मुंबई प्रांतात तो कायदा झाला. आणि माता रमाईंनी तर पोटची चार लेकरे गमावली. त्या घराला हे दुःख पुस्तकातून कळलेले नव्हते.

आता आकडे सांगते, कारण आपण आकड्यांवर विश्वास ठेवणारी माणसे आहोत. आपल्या देशात २००१ ते २००३ या काळात दर एक लाख जिवंत जन्मांमागे ३०१ माता दगावत होत्या. २०१८ ते २०२० या काळात हा आकडा ९७ वर आला, आणि महाराष्ट्रात ३३ वर. हे काही आपोआप घडले नाही. बायका दवाखान्यात बाळंत होऊ लागल्या, औषधे मिळू लागली, रक्त मिळू लागले. पण जी बाई जाते तिच्या घरी आकडा लहान झालेला नसतो. आणि त्या ३३ मधल्या पुष्कळशा वाचण्यासारख्या असतात. वेळ कुठे जातो ते बघा: घरात ठरवण्यात जातो, वाटेत जातो, आणि दवाखान्यात गेल्यावर रक्त आणि डॉक्टर मिळेपर्यंत जातो. यातला पहिला वेळ पूर्णपणे आपल्या हातात आहे.

म्हणून आज मला एकच गोष्ट सांगायची आहे. बाळंतपणात काही ठिकाणी धीर धरायचा असतो आणि काही ठिकाणी क्षणाचीही वाट पाहायची नसते. आपल्याकडे बहुतेक वेळा उलटे होते. जिथे थांबायचे तिथे घरचे लोक घाबरून घाई करतात आणि जिथे धावायचे तिथे "बघू सकाळी" म्हणतात.

आधी तयारीचे बोलते. आठवा महिना लागला की चार गोष्टी ठरवून टाका. कुठल्या दवाखान्यात जायचे, कशाने जायचे, सोबत कोण जाणार आणि रक्त कोण देणार. तिचा रक्तगट कागदावर लिहून माता-बाल संरक्षण कार्डात ठेवा. १०८ नंबरची रुग्णवाहिका आणि गरोदर बाईसाठी १०२ नंबरची गाडी, हे दोन्ही नंबर घरातल्या शाळकरी पोराला सुद्धा पाठ पाहिजेत. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन, औषधे, तपासण्या, रक्त, जेवण आणि घरून नेणे-आणणे हे सर्व मोफत आहे. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम २०११ पासून सुरू आहे. हा आपला हक्क आहे, कुणाची मेहेरबानी नव्हे. एक पिशवी भरून खुंटीला टांगून ठेवा: कार्ड, आधारकार्ड, बँकेचे पासबुक, धुतलेली सुती लुगडी, बाळाचे टोपडे-दुपटी, पॅड, पाण्याची बाटली, थोडे सुटे पैसे.

आता कळा. शेवटच्या महिन्यात पोट मधूनमधून दगडासारखे घट्ट होते आणि सैल होते. चाललं-फिरलं, पाणी प्यायलं, कुशी बदलली की थांबतं. या खोट्या कळा. याला घाबरू नका. खऱ्या कळा कमरेतून पोटाकडे येतात, नियमाने येतात, आणि प्रत्येक तासाला जवळजवळ येऊ लागतात, जास्त वेळ टिकतात, चालल्याने थांबत नाहीत. कधी थोडा रक्ताळलेला चिकट पदार्थ पडतो. तो पिशवीच्या तोंडावरचा बूच निघाल्याची खूण आहे.

पहिलटकरणीला पहिला टप्पा फार लांब वाटतो. पिशवीचे तोंड मऊ होऊन पाच सेंटिमीटरपर्यंत उघडायला कित्येक तास लागतात, कधी रात्र जाऊन दिवस उजाडतो. इथे धीर धरायचा. बाळ-बाळंतीण दोघेही ठीक असतील तर घरी हलके खाऊ द्या, पेज द्या, चहा द्या, पाणी द्या. दोन-दोन तासांनी लघवीला पाठवा. झोप लागत असेल तर झोपू द्या. "काही होत नाही, चला एक इंजेक्शन मारून कळा वाढवून घेऊ" असे म्हणून गल्लीतल्या कुणाकडूनही कळा येण्याचे इंजेक्शन घेऊ नका. दवाखान्यात तेच औषध सलाइनमधून थेंबथेंब, बाळाचे ठोके मोजत देतात. घरी ते एकदम टोचले तर गर्भाशय फाटू शकते आणि पोटातले बाळ गुदमरू शकते. हे मी पुन्हा सांगते. घरी ते इंजेक्शन नको.

पहिल्या खेपेला, पाच मिनिटांनी एक कळ, ती मिनिटभर टिकते आणि असे तासभर चालू आहे, म्हणजे निघायची वेळ झाली. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला एवढी वाट पाहू नका, नियमित कळा लागल्या की निघा, कारण तेव्हा सगळे भराभर होते. आणि दवाखाना लांब असेल तर त्याहून लवकर.

दवाखान्यात गेल्यावर काय होते, हे आपल्या लेकीसुनांना कुणी सांगत नाही, म्हणून त्या जास्त भितात. तिथे ब्लडप्रेशर पाहतात, नाडी पाहतात, पोटावर हात ठेवून बाळाचे डोके खाली आहे की बाळ पायाळू आहे की आडवे आहे ते पाहतात, बाळाच्या हृदयाचे ठोके ऐकतात. आतून तपासतात, साधारण चार तासांनी, हातमोजे घालून. लाज वाटते, दुखतेही. पण त्याशिवाय तोंड किती उघडले ते कळत नाही. "ताई, आता किती झालं?" असे विचारायचा तिला हक्क आहे. ओरडून, टोचून बोलणे हा उपचाराचा भाग नाही. ती पोर आहे की आई आहे, आपली आहे की दुसऱ्या जातीची आहे, हे पाहून वागणूक बदलत असेल तर शांतपणे पण स्पष्टपणे वरिष्ठांकडे तक्रार करा. सरकारी दवाखान्यात प्रसूतीच्या वेळी सोबतीण ठेवायला २०१६ पासून केंद्र सरकारने मान्यता दिलेली आहे. आईला, बहिणीला, जावेला आत थांबू द्या म्हणून आधीच विचारून ठेवा. ज्या बाईच्या हाताला धरायला माणूस असतं ती कमी घाबरते, हे मी कित्येक वर्षे पाहिले आहे.

पाच सेंटिमीटरनंतर वेग वाढतो. तिथून पूर्ण दहा सेंटिमीटर होईपर्यंत पहिलटकरणीला साधारण बारा तासांपर्यंत आणि नंतरच्या खेपेला दहा तासांपर्यंत लागू शकतात. पुष्कळ जणींना त्यापेक्षा कमी लागतात. घड्याळाच्या काट्याबरोबर प्रत्येकीने दर तासाला एक सेंटिमीटर उघडलेच पाहिजे, असा नियम नाही. या वेळात तिला पाठीवर उताणे झोपवून ठेवू नका. चालू द्या, उभी राहू द्या, भिंतीला किंवा सोबतिणीला धरून वाकू द्या, डाव्या कुशीवर वळू द्या. महामायेचे शिल्प आठवा. ती उभी आहे, आधार धरून आहे. शिल्पकारांनी बाई पडलेली दाखवली नाही, याचा विचार करा.

कळ कशी असते ते सांगते. ती येते, चढते, मिनिटभराने ओसरते. मग मध्ये विश्रांती मिळते. सबंध रात्रभर एकसारखे दुखत नाही. म्हणून पुढच्या सगळ्या कळांचा विचार करायचा नाही, ही एक कळ पार करायची. इथे आपल्याला विहारात शिकवलेले आनापान कामाला येते. कळ आली की श्वासाकडे लक्ष द्यायचे, नाकाने हळू आत, तोंडाने हळू बाहेर. दुखणे नाहीसे होत नाही, मी खोटे सांगणार नाही. पण अंग ताठ होत नाही, घशातून किंकाळी निघून शक्ती वाया जात नाही. नववा महिना लागायच्या आतच सासू-सुनेने मिळून रोज दहा मिनिटे याचा सराव केला तर काय बिघडेल?

तोंड पूर्ण उघडायच्या थोडे आधी बाई एकदम बदलते. थरथरते, उलटी होते, चिडते, "मला नाही जमायचं, मला घरी न्या" म्हणते. घरच्यांना वाटते, काहीतरी बिघडले. बहुतेक वेळा ही शेवटच्या चढणीची खूण असते. तेव्हा तिला "गप बस" म्हणू नका. "झालंच आता" म्हणा. यावेळी संडासला लागल्यासारखे वाटते, कारण बाळाचे डोके खाली दाबते. आपल्या वस्तीत सार्वजनिक संडास लांब आहेत. अशा वेळी तिला एकटीला तिकडे पाठवू नका. कित्येक बाळे अशा वेळी नको तिथे जन्मली आहेत.

दुसरा टप्पा कळा देण्याचा. पहिलटकरणीला तीन तासांपर्यंत, नंतरच्या खेपेला दोन तासांपर्यंत लागू शकतो. आतून जोर आला की मगच जोर द्यायचा. आधीपासून "जोर लाव, जोर लाव" करून तिला दमवू नये. पोटावर बसून, कोपराने दाबून बाळ खाली ढकलणे धोक्याचे आहे. ते कुणी करत असेल तर "असं करू नका" म्हणा. प्रत्येक बाईला खाली कापून टाके घालायची गरज नसते. गरज असेल तर आधी बधिर करून, सांगून करतात.

बाळ आले, रडले, की घरचे पेढे आणायला पळतात. थांबा! बाळंतपण अजून संपलेले नाही. तिसरा टप्पा वार पडण्याचा. बाळ जन्मल्याबरोबर आईला मांडीत एक इंजेक्शन देतात, त्याने गर्भाशय आवळते आणि रक्त कमी जाते. वार साधारण अर्ध्या तासात पडली पाहिजे आणि ती पूर्ण पडली का हे तपासले पाहिजे. थोडे रक्त जाणारच, पण अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त गेले की ते अतिरक्तस्राव. बाळंतपणात बायका दगावण्याचे हे सर्वांत मोठे कारण आहे, आणि सगळ्यांत कमी वेळ देणारेही हेच. म्हणून पहिले दोन तास तिच्याजवळ एक शहाणे माणूस बसलेच पाहिजे. सगळ्यांनी बाळाभोवती जमायचे आणि आईकडे पाठ करायची, असे होऊ देऊ नका.

बाळाचे थोडक्यात सांगते. कोरडे पुसून, उघड्या अंगाने आईच्या छातीवर ठेवायचे आणि वरून पांघरूण घालायचे. नाळ निदान एक मिनिट थांबून बांधायची-कापायची. पहिल्या तासात अंगावर पाजायचे. पहिले पिवळट घट्ट दूध, चीक, पिळून टाकू नका, ते बाळाचे पहिले औषध आहे. मध, गूळपाणी, गुटी, साखरपाणी काही नको. नाळेला हळद, तेल, राख, शेण काही लावू नका. कोरडी ठेवा, आपोआप पडते.

आता घाईची यादी. ही पाठ करा. यातले एकही दिसले तर कळा किती आहेत, कोण आहे, कोण नाही, हे न पाहता लगेच निघायचे.

एक, नऊ महिने भरायच्या तीन आठवडे आधी किंवा त्याहून लवकर कळा सुरू झाल्या किंवा पाणी गेले. दोन, पाणमोट फुटली. कळा नसल्या तरी दवाखान्यात जायचे. आणि पाणी हिरवट-काळपट असेल तर बाळाने पोटात शी केली आहे, विलंब नको. तीन, कळांच्या आधी किंवा सोबत लाल रक्त वाहू लागले. चार, बाळाची हालचाल कमी झाली किंवा थांबली. पाच, डोके खूप दुखते, डोळ्यांपुढे अंधारी येते, चेहरा-हात सुजतात, पोटाच्या वरच्या भागात दुखते. सहा, झटके आले. सात, ताप आला. आठ, बाळाआधी नाळ किंवा हात-पाय बाहेर दिसला. नाळ दिसली तर तिला कंबर उंच करून झोपवा, नाळेला हात लावू नका आणि गाडी बोलवा.

झटक्यांबद्दल थोडे जास्त सांगते. डोळे फिरवले, दात खिळले, अंग आकडले, की आजूबाजूला कुणीतरी हमखास म्हणते, "हिच्या अंगात आलं," "बाहेरचं लागलं." बंधू-भगिनींनो, आपण बावीस प्रतिज्ञा घेतलेली माणसे आहोत. हे ब्लडप्रेशर वाढल्याने येणारे झटके आहेत. त्यावर मॅग्नेशियम सल्फेट नावाचे इंजेक्शन आहे आणि ते जीव वाचवते. अंगारा-लिंबू उतरवण्यात जी पंधरा मिनिटे जातात ती परत मिळत नाहीत. तोंडात चमचा-चप्पल कोंबू नका, कुशीवर वळवा, १०८ ला फोन करा.

आणि गाडी पोहोचायच्या आधी वाटेतच बाळ आले तर? ओढू नका. पुसा, आईच्या पोटावर ठेवा, दोघांना झाका. हाताला येईल त्या पात्याने नाळ कापू नका, बाळ नाळेसकट तसेच आईजवळ राहू द्या. गाडीतले डॉक्टर कापतील.

सिझेरियनविषयी दोन शब्द. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, २०१९ ते २०२१ च्या फेरीत, महाराष्ट्रात सुमारे २५ टक्के, म्हणजे दर चार बाळंतपणांत एक सिझेरियन आढळले. काही ठिकाणी गरज नसताना होते, हे खरे. पण म्हणून गरज असताना नाही म्हणणे हा शहाणपणा नव्हे. बाळ आडवे आहे, वार तोंडावर आहे, ठोके मंदावले आहेत, तास उलटूनही पुढे सरकत नाही, अशा वेळी ऑपरेशनच जीव वाचवते. डॉक्टरांना नम्रपणे तीन प्रश्न विचारा: कारण काय, थांबलो तर धोका काय, आणि आत्ताच करायचे की वाट पाहता येईल? उत्तर मिळाले की सही करायला नवऱ्याची, सासऱ्याची, मामाची वाट बघत बसू नका. ती सज्ञान आहे, तिची स्वतःची सही पुरते. आणि सिझेरियन झालेल्या सुनेला "कळा न देता मोकळी झाली" असे टोमणे मारू नका. पोट कापून घेणे सोपे नसते.

आता त्या सात दिवसांकडे येते. आपल्याकडे पाचव्या दिवशी सटवाईची पूजा करत असत. रात्री सटवी येते, कपाळावर नशीब लिहिते, कधी बाळ घेऊन जाते, म्हणून रात्रभर दिवा लावून जागायचे. आपल्या बहुतेक घरांतून ती पूजा गेली, चांगले झाले. पण आपल्या आज्यांना त्या दिवसांची भीती का वाटत होती? कारण खरोखरच त्या दिवसांत बाळे आणि बाळंतिणी जात होत्या. गंजक्या विळ्याने, दगडाने नाळ कापली की आठवड्याच्या आत बाळाचा जबडा आवळायचा, ते दूध ओढेनासे व्हायचे. तो धनुर्वात होता. न धुतलेल्या हातांनी गर्भाशयात जंतू गेले की तिसऱ्या-चौथ्या दिवशी बाळंतिणीला ताप चढायचा. सटवी म्हणजे जंतू होते. गरोदरपणातले धनुर्वाताचे इंजेक्शन, साबण आणि निर्जंतुक पाते यांनी तिला हाकलली. २०१५ साली भारत माता व नवजात बालकांच्या धनुर्वातातून मुक्त झाल्याचे जाहीर झाले.

आणि हेही आठवा. अनेक गावांत सुईणपण अस्पृश्य ठरवलेल्या जातींतल्या बायकांकडे असे. बाळ झेलायला, नाळ कापायला, वार पुरायला तिचे हात चालायचे. काम झाले की त्याच घरात तिचा विटाळ व्हायचा. बाळंतिणीलाही दहा-बारा दिवस शिवायचे नाही. विटाळ या एका कल्पनेने सुईणीला बाहेर ठेवले आणि बाळंतिणीला अंधाऱ्या, धुराच्या खोलीत कोंडले. आपण तो विटाळ मोडला आहे. मग तिला उजेडाच्या खोलीत ठेवा. शेगडीचा धूर नको, त्याने बाळाला श्वास घेता येत नाही. दिवस उलटले तरी आंघोळ आणि हवा या दोन्हींची तिला गरज आहे. पाणी कमी द्यायचे, पोट सुटते म्हणून भाजी द्यायची नाही, या गोष्टी सोडा. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, शेपू, बाळंतशोपा खुशाल द्या, पण त्याबरोबर डाळ, अंडी, मासळी, भाकरी, पालेभाजी, फळे आणि भरपूर पाणी द्या. लोहाच्या गोळ्या चालू ठेवा.

बाळंतपण साधे झाले तरी निदान दोन दिवस दवाखान्यात राहा. घरी आल्यावर सात दिवस, आणि तसे पाहिले तर सहा आठवडे, या खुणांवर लक्ष ठेवा. तासाभरात एक पॅड पूर्ण भिजून दुसरे बदलावे लागते, मोठ्या गाठी पडतात, थंडी वाजून ताप येतो, अंगावरून जाणाऱ्याला घाण वास येतो, डोके फुटल्यासारखे दुखते, झटके येतात, पायाची पोटरी सुजून दुखते, धाप लागते, तर पुन्हा दवाखाना. झटके बाळंतपणानंतरही येऊ शकतात, हे पुष्कळांना माहीत नसते. बाळ दूध ओढत नाही, गार पडते, फार झोपते, श्वास भराभर घेते, पहिल्याच दिवशी पिवळे पडते, तरी तेच.

मनाचेही दुखणे असते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी उगीच रडू येते, ते आठवड्या-दोन आठवड्यांत जाते. पण झोप उडाली, बाळाकडे बघवत नाही, जगून काय करू म्हणते, भलतेच बोलू लागते, तर तिला एकटी ठेवू नका, आणि भगताकडे नेऊ नका. डॉक्टरांकडे न्या. तो आजार आहे, नखरे नव्हेत.

एक कडू गोष्ट बोलल्याशिवाय राहवत नाही. मुलगी झाली की प्रसूतीच्या खोलीबाहेर काही चेहरे उतरतात. बाईने रात्रभर मरण सोसले आणि बाहेरून पहिला शब्द येतो, "परत मुलगीच का?" मुलगा की मुलगी हे बापाच्या बीजावर ठरते, शास्त्र हेच सांगते. ज्यांनी माता रमाईंचा फोटो घरात लावला आहे त्यांनी तरी हा शब्द तोंडातून काढू नये.

शेवटी अंगुलिमालाची गोष्ट सांगते. मज्झिम निकायात ती आहे. माणसे मारणारा अंगुलिमाल भिक्खू झाला. श्रावस्तीत भिक्षेला फिरताना त्याला प्रसूतीत अडलेली एक बाई दिसली. ज्याने कधी कुणाचे दुःख मानले नाही तो कळवळला आणि तथागतांकडे गेला. तथागतांनी त्याला परत त्या बाईकडे पाठवले. त्याने जाऊन तिच्यासाठी मंगल कामना केली. आजही बौद्ध देशांत गरोदर बाईसाठी ते परित्त म्हणतात. आपणही गर्भमंगल करतो. जरूर करा, तिच्या मनाला धीर येतो. पण मला त्या गोष्टीत आणखी एक दिसते. अंगुलिमाल बघून पुढे निघून गेला नाही. "हा बायकांचा मामला" म्हणाला नाही. बांधवांनो, एवढा मोठा गुन्हेगार थांबला, मग आपल्याला थांबायला काय झाले?

विहार समितीला माझी विनंती आहे. दाराजवळच्या फळ्यावर १०८ आणि १०२ हे नंबर कायमचे रंगवून घ्या. वस्तीत कुणाचा रक्तगट काय, रात्री कुणाची रिक्षा-गाडी मिळेल, याची एक वही विहारात ठेवा. आशाताईंना विचारून, या महिन्यात कुणाचे दिवस भरत आहेत, हे महिला मंडळाच्या दोघी-तिघींनी लक्षात ठेवावे. यासाठी फार पैसा लागत नाही.

अडीच हजार वर्षांपूर्वी महामायेला सातव्या दिवशी वाचवण्याची साधने कुणाकडे नव्हती. आज ती बरीचशी आपल्या हाताशी आहेत. म्हणून आपल्या वस्तीत पुढचे बाळंतपण ज्या घरात होईल त्या घराने सातवा दिवस उजाडेपर्यंत बाळाइतकेच आईकडेही लक्ष ठेवावे, एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवते.

जय भीम! नमो बुद्धाय!